सासऱ्यांचा राग आणि सायकलचा चिमटा

आमच्या सासऱ्यांइतका सायकलींवर संतापणारा माणूस पिंपरीपासून चाकणपर्यंत दुसरा झाला नाही. माणसांशी त्यांचं वैर नसे. पण माणसाच्या बुडाखाली चुकीची सायकल दिसली की त्यांच्या कपाळाची शीर उडायला लागे. मूळचे कुरुळीचे, नोकरी पिंपरीतल्या एका कंपनीत. सकाळच्या शिफ्टला गेटात सायकलींचा लोंढा शिरायचा, तेव्हा हे कडेला उभे राहून ओळखीचा-अनोळखीचा भेद न करता खेकसत, "गुडघं हनुवटीला लागत्यात, सीट वर घे की." किंवा, "दांडीवर लोंबकळतूस व्हय? थोरल्या भावाची सायकल भावाला दे." काही जण त्यांना पाहून गेटाच्या अलीकडेच उतरत आणि सायकल हातात धरून चालत येत.

मी मुलगी पाहायला त्यांच्या पिंपळे गुरवच्या घरी गेलो, तेव्हा मला बसायला सांगून ते आधी बाहेर गेले, माझी सायकल बाजूने निरखली आणि आत येऊन म्हणाले, "पाव्हणं, ही तुमची न्हाई." ती मित्राची होती. "उंच माणसाची हाय. हात ताणून पाठ गेली आसंल तुमची." पाठ खरोखरच गेली होती, पण हे चारचौघांत सांगायचं? मला भयंकर राग आला. लग्न तरीही झालं.

त्यांचं म्हणणं असं की, हँडलखालचा नळा मागे कललेला हवा आणि पुढचं चाक दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या चिमट्याने ते पायडलांपासून जरा लांब ठेवायला हवं. अशी सायकल खड्डा पोटात घालते आणि नाकासमोर चालते. तोच नळा उभा केला, की "बुजऱ्या खोंडावानी व्हती. नुसतं शिंकलं तरी वळती."

पुढे बायकोला पिंपरीच्या एका दवाखान्यात नोकरी लागली आणि मी पिंपरी कॅम्पाच्या बाजारातल्या एका दुकानातून जुनी सायकल आणली. चकचकीत रंग दिलेली, झोकदार घंटीची. सासऱ्यांनी ती पाहिली आणि ते लालबुंद झाले. "कुठंतरी धडकलीय ही. चिमटा मागं दबलाय. वळताना पायाचा चवडा मडगार्डला अडणार. आन पोरगी रोज ट्रकांच्या रस्त्यानं जाणार." मी म्हणालो, "तुम्हाला सगळ्याच सायकली वाईट दिसतात." ते सायकल घेऊन तडक दुकानात गेले, मागोमाग मी.

दुकानदार शांतपणे म्हणाला, "काका, चार दिवसांत सवय होते."

"सवय माणसाला व्हती. मडगार्डाला न्हाई."

"आजवर कोणी पडलं नाही."

सासरे सायकलवर बसले आणि भर बाजारात त्यांनी हँडल गर्रकन वळवलं. चवडा मडगार्डला अडकला, चाक थबकलं, आणि एवढा मोठा माणूस कांद्याच्या टोपलीशेजारी आडवा झाला. कोपर सोलवटलं होतं. उठून धोतर झटकत ते म्हणाले, "आता पडलं का कुणी?" दुकानदाराने मुकाट्याने चिमटा बदलून दिला. घरी येईपर्यंत ते माझ्यावर धुमसत होते, आणि माझा राग कुठल्या कुठे गेला होता.

सासूबाई गेल्या, त्याच्या पुढच्या वर्षी त्यांचे गुडघे धरले आणि सायकल सुटली. दवाखान्यात दाखवायला मी त्यांना कॅरिअरवर बसवून नेलं. दुसऱ्याच्या मागे ते पहिल्यांदाच बसत होते. रस्ता खड्ड्यांचा, सासरे आता माझ्यावर बरसतील, मग बरसतील, म्हणून मी मान खाली घालून पायडल मारत होतो. पण मागून आवाज नाही. रेल्वेचं फाटक लागलेलं होतं, तिथे उतरलो.

"सीट दोन चाकांच्या मधी आसतं," ते कॅरिअरकडे पाहत म्हणाले. "हे मागच्या चाकाच्या डोस्क्यावर. समदा दणका हितंच येतो."

गाडी धडधडत निघून गेली. मग ते हळू आवाजात म्हणाले, "तुमची सासू उभा जलम हितं बसली. एकदा बी बोलली न्हाई."

फाटक उघडलं. मी बसा म्हणालो, पण ते बसले नाहीत. कॅरिअरवर हात ठेवून, दुखऱ्या गुडघ्यांनी, दवाखान्यापर्यंत चालत आले.