उसना गोलकीपर

आमच्या मिरजेत फुटबॉलच्या स्पर्धेला आलेल्या टीमला माणूस कमी पडला, तर तो यजमान टीमनं उसना द्यायचा, अशी रीत होती. नियमांच्या पुस्तकात ती कुठे नव्हती, आणि पंचांनीही कधी हरकत घेतली नाही. उन्हाळ्याच्या तोंडाला रेल्वेच्या ग्राउंडवर स्पर्धा भरायची. सातारा, सांगली, लोणंद अशा गावांहून टीमा यायच्या. त्यातले निम्मे गडी रेल्वेत, नाहीतर एस.टी.त. कुणाची ड्युटी बदलायची, कुणाची रजा नामंजूर व्हायची, कुणाची गाडी चुकायची. अकरा ठरलेले आणि नऊच उतरलेले, हे नेहमीचं. मग त्यांचा कप्तान आमच्याकडे येऊन सांगायचा, "दोन गडी द्या."

आणि द्यायचा तो चांगलाच द्यायचा. विरजण मागायला आलेल्या शेजारणीच्या वाटीत आई कालचं आंबट दही घालत नसे, तसंच हे. आमचा कप्तान सायकल दुरुस्तीचं दुकान चालवायचा. तोंडानं फटकळ, कामात चालढकल करणारा, पण या बाबतीत फार कडक. एका वर्षी त्यानं लोणंदला आमचा सगळ्यात चपळ फॉरवर्ड दिला. त्या पठ्ठ्यानं आमच्यावरच दोन गोल चढवले, त्यातला एक माझ्या पायांमधून. आम्ही हरलो. कप्तानानं त्याच्या पाठीत धपाटा घातला आणि म्हणाला, "खाल्ल्या घरचे वासे मोजलेस की रं गड्या." मग दोन्ही टीमांना चहा आणि भडंग त्यानंच दिलं.

मी गोलकीपर होतो. दिवसभर दवाखान्यासमोरच्या मेडिकल दुकानात काउंटरवर उभा, संध्याकाळी बोटांना चिकटपट्टी गुंडाळून गोलात उभा. दुसऱ्या दिवशी त्याच सुजलेल्या बोटांनी मी लोकांना सुजेवरचं मलम द्यायचो. फार मोठा गोलकीपर होतो असं मी म्हणणार नाही. पण मिरजेचा गोलकीपर म्हटलं की आजूबाजूच्या गावांत माझाच चेहरा डोळ्यांपुढे यायचा, आणि मला ते पुरत होतं.

मग नव्वदच्या दशकाच्या मध्यावर द्राक्षवाले साहेब आले. मूळचे गुजराती, आजोबा आफ्रिकेत गेलेले, स्वतः वाढले लंडनात. तासगावकडची निर्यातीची द्राक्षं घेऊन तिकडच्या दुकानांना पुरवायची, हा त्यांचा धंदा. हंगामात त्यांचा मुक्काम मिरजेत असे. एका संध्याकाळी गाडी थांबवून ते आमचा सराव बघत उभे राहिले. दुसऱ्या दिवशी पुन्हा आले. चार दिवसांत आम्हाला बूट आले, जर्सी आल्या, गोलाला जाळी आली. त्याआधी बॉल खांबाच्या आतून गेला की बाहेरून, यावरून आमची डोकी फुटायची. मला त्यांनी गोलकीपरचे खरे ग्लोव्हज दिले. त्या रात्री ते उशाशी घेऊन मी झोपलो. वय चोवीस होतं तेव्हा माझं.

माणूस वाईट नव्हता, हे मला सांगितलंच पाहिजे. वाईट असता तर सोपं गेलं असतं. द्राक्षं निवडून पेट्यांत भरायच्या पॅकहाऊसच्या ओट्यावर बसवून ते आम्हाला हिंदीत विलायतेच्या गोष्टी सांगायचे. आता तिकडे क्लब म्हणजे धंदा झालाय, म्हणायचे. एखादा पैसेवाला येतो, कधी तर दुसऱ्या देशातला, अख्खा क्लब विकत घेतो, चांगले खेळाडू खरेदी करतो, आणि दोन वर्षांत खालचा क्लब वर. गावात नुकतं केबल आलं होतं. ते सांगत ते सामने आम्ही पडद्यावर पाहिलेले होते, हिरव्यागार मैदानाकडे तोंड वासून. एकदा त्यांनी विचारलं, तुमच्या टीमचा मालक कोण? आम्ही एकमेकांकडे बघायला लागलो. कप्तान म्हणाला, "मालक कशाला? टीम आमचीच हाय." साहेब हसले. म्हणाले, जिसका कोई मालिक नहीं, उसकी फिक्र कौन करेगा?

"बरोबर आहे," असं सगळ्यांत आधी मी म्हणालो. नवे ग्लोव्हज हातात होतेच.

पुढच्या हंगामात ते आले तेव्हा त्यांच्याबरोबर खेळाडूही आले. चार गोव्याचे, तीन बंगलोरचे, त्यांतला एक गोलकीपर. उंच, शांत, बॉल छातीशी घ्यायचा तर आवाजसुद्धा व्हायचा नाही. खरं सांगतो, त्याचा मला राग येईना, कारण त्याच्यात चूकच सापडेना. साहेबांनी आम्हाला आठवडाभर खेळवून पाहिलं आणि निवड केली; आमच्यातले चौघे घेतले, त्यांनाही पगार लावला. त्यांच्या पॅकहाऊसात मी बायांना काम करताना पाहिलं होतं. घड उचलायचा, मणी बारीक दिसला की बाजूला ठेवायचा. बाजूला पडलेला माल काही वाईट नसायचा. तो आपल्या बाजारात यायचा आणि आपण गोड म्हणून खायचो. मी बाजूला पडलो. कप्तानाला साहेबांनी मोठ्या आदरानं "आप तो हमारे कोच हैं" म्हणून रेषेबाहेर खुर्ची दिली.

टीम जिंकत सुटली. सांगलीत सहा गोलांनी, साताऱ्यात आठ. पहिल्यांदा लोक नाचले. मग सातारकरांनी एक कंत्राटदार गाठला आणि त्यांनीही बाहेरून माणसं आणली. सांगलीच्या टीमला कुणी मिळालं नाही. त्यांनी मिरजेच्या स्पर्धेतून नावच काढून घेतलं, फुकट मार कोण खाणार म्हणून. आमच्या ग्राउंडवर गर्दी वाढली होती, पण मध्यंतरानंतर लोक उठून जायचे. निकाल ठाऊक असलेली मॅच किती वेळ बघणार?

आणि मी राखीव. बाजूला पडलेल्या बाकीच्यांनी यायचं सोडलं होतं. मी रोज जायचो, बॉलची पिशवी उचलायचो, त्या उंच माणसाला सरावासाठी शॉट मारून द्यायचो. दुकानात कुणी विचारलं की म्हणायचो, गुडघा दुखतोय. समोर दवाखाना, येणाऱ्या-जाणाऱ्यांत चार डॉक्टर, तरी हे खोटं मी ठासून सांगायचो. त्याहून वाईट घरी. आई जर्सी धुवायला घेताना म्हणाली, "आज मळली न्हाई व्हय रं?" तेव्हापासून मी परत येताना ग्राउंडच्या नळाखाली मूठभर माती भिजवायचो आणि कोपरांना, पोटाला फासायचो. धुणं तिच्या मागं आणखी वाढवायचो, फक्त मी खेळतोय असं तिला वाटावं म्हणून. हे करताना कुणी बघत नाही ना, म्हणून आधी मान वळवून पाहायचो. ती मान वळवणं आठवलं की मला अजून मेल्याहून मेल्यासारखं होतं.

मिरजेची स्पर्धा आली. पहिलाच सामना आमचा आणि लोणंदचा. लोणंदची टीम वर्षातून एकदाच, आमच्याकडेच यायची. मिरजेला पैसेवाला भेटलाय एवढं त्यांनी ऐकलं होतं, बाकी काही पाहिलेलं नव्हतं. त्यांचे कप्तान लोणंद स्टेशनात सांधेवाले होते, गाडी कुठल्या रुळावर घ्यायची ते सांधे ओढणारे. पन्नाशीला टेकलेले, तरी बॅकला खेळायचे. सकाळच्या पॅसेंजरनं दहाच जण उतरले.

सांधेवाले आमच्या कप्तानाकडे आले, नेहमीसारखे हसत. "आवं, मालगाडीचं डबं घसरल्यात आमच्याकडं. गोलकीपरला ड्युटी लागली. एक गोलकीपर द्या," असं म्हणून ते बूट बांधायला आपल्या पोरांकडे परतसुद्धा गेले. मिळणार यात त्यांना शंकाच नव्हती.

आमच्या कप्तानानं साहेबांकडे पाहिलं. पूर्वी त्यानं कुणाकडे पाहिलं नसतं. साहेबांना रीत समजावून सांगितली, तर ते खूशच झाले, वाह, ये तो बहुत अच्छी बात है, म्हणाले. मग बाकड्यावर नजर टाकली आणि माझ्याकडे बोट केलं. "इसे दे दो. ये तो वैसे भी बैठा ही है."

त्यात कुजकेपणा जराही नव्हता. कप्तान गळ्यातली शिट्टी हातात घेऊन ती पुसायला लागला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "जा रं."

मैदान ओलांडून लोणंदच्या बाजूला जाताना मला एकच गोष्ट हवी होती. जिंकणं-हरणं गेलं खड्ड्यात. आपल्याला मिरजेनं टाकाऊ माल दिलाय, हे या माणसांना कळू नये. एवढं झाकलं जावं, म्हणून मी जीव तोडून खेळणार होतो.

सांधेवाल्यांनी मला पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला. पोरांना ओरडून म्हणाले, "अरं, मिरजंचा गोलकीपरच दिलाय आपल्याला. तिकडं कोण नवं पोरगं हुबं केलंय बघा. आता भ्यायचं न्हाई, समदी म्होरं चला."

आणि ती खरंच सगळी पुढे गेली. चांगला माणूस आपल्याला दिला म्हणजे कच्चा त्यांनी स्वतःकडे ठेवला, हा त्यांचा सरळ हिशेब. मागे जेमतेम दोघे ठेवून बाकीचे समोरच्या गोलावर तुटून पडले, लांबून लांबून मारत राहिले. तो बंगलोरचा माणूस प्रत्येक बॉल झाडावरचं फळ घ्यावं तसा उचलायचा आणि लांब फेकायचा. मग तीन-तीन, चार-चार जण माझ्यावर चालून यायचे. हंगामभर मी खरी मॅच खेळलो नव्हतो. पहिला गोल हाताला लागून आत गेला. दुसऱ्याला मी चुकीच्या बाजूला पडलो. प्रत्येक गोलानंतर लोणंदचं कुणीतरी येऊन मला उठवायचं. "असू द्या पाव्हणं, आमचीच चूक," म्हणायचं. माझ्याच गावातले लोक रेषेवर हसत होते. त्यांचं मला काही वाटलं नाही. ते "असू द्या" मात्र सहन होईना.

मध्यंतराला पाच गोल झाले होते. पोरं पाणी प्यायला गेली तेव्हा मी सांधेवाल्यांना बाजूला घेतलं. "काका, माणसं मागं ठेवा."

"का वो? तुमी हाय की."

मला वाटलं होतं तसं ते झाकलं जाणार नव्हतं. आणखी झाकलं असतं तर त्यांना आणखी पाच बसले असते. मी म्हणालो, "मी राखीव आहे. हंगामभर बाकड्यावर होतो. समोरचा आहे तो खरा गोलकीपर, पैसे देऊन आणलेला."

पलीकडे आमचा कप्तान खुर्चीवर बसला होता, त्याच्याकडे ते बघत राहिले. इतक्या वर्षांत त्यांनी त्याच्याकडून किती माणसं नेली होती. मग माझ्या खांद्यावर हात ठेवला, म्हणाले, "तुजं काय न्हाई यात." आणि पोरांकडे वळून मोठ्यानं हाक दिली, "ए, आता जरा मागं ऱ्हावा. पाव्हण्याच्या डोळ्यांवर ऊन येतंय."

ऊन माझ्या पाठीवर होतं. पोरं मुकाट मागे राहिली. दुसऱ्या अर्ध्यात दोनच गोल झाले.

शेवटची शिट्टी झाली, आणि सांधेवाले माझा हात धरून मला आमच्या बाजूला घेऊन आले. मागे त्यांची पोरं, चिखलानं माखलेली, दमलेली. त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ते आमच्या कप्तानाला म्हणाले, "दरसालासारखा चांगला माणूस दिलासा. आमीच कमी पडलो." साहेबांना याचं फार कौतुक वाटलं. त्यांनी टाळ्या वाजवल्या. कप्तानानं हात जोडले, पण मान वर केली नाही. चहाला थांबा, असं म्हणायचं धाडसही कुणाला झालं नाही. ते स्टेशनकडे चालत गेले आणि पुन्हा मिरजेला खेळायला आले नाहीत.

मी आणि कप्तान बरोबर निघालो. तो सायकल हातात धरून चालत होता. ग्राउंडचा नळ मागे पडल्यावर म्हणाला, "त्यास्नी कळलं व्हतं?"

"हो. मध्यंतरालाच. मी सांगितलं."

तो उभा राहिला. "आणि तरी पोरांम्होरं तसं बोलला," तो म्हणाला. "आपली लाज त्यानं झाकली."

मी म्हणालो, "तुम्ही तरी त्या बंगलोरवाल्याला द्यायचं होतं. पूर्वी दिला असता."

"त्यो माजा हाय का द्यायला?" कप्तान म्हणाला. "ती समदी त्याची माणसं. आपला म्हणावा असा तू एकटाच ऱ्हायला व्हतास. तुलाच दिलं."

हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. गावाकडे स्वतःचं म्हणून एकच माणूस उरला होता, आणि पाहुण्याच्या पदरात तो "वैसे भी बैठा ही है" म्हणून पडला, ते मी बाकड्यावर बसून ऐकलं होतं.