हात मागे ठेवण्याची परीक्षा

आमचे भावोजी आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त करत आले. कुठे लिफ्ट अडकल्याचा फोन आला की भरल्या ताटावरून उठायचे. दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेल्या माणसाला बाहेर काढण्याइतकं मोठं काम जगात दुसरं नाही, असं त्यांचं मत होतं, आणि हे मत ते घरातही लागू करायचे. बरणीचं झाकण अडकलं, खिडकी अडकली, बोलता बोलता माझं वाक्य अडकलं, तरी भावोजी मदतीला हजर. माझी वाक्यं ते पूर्ण करत ती बहुतेक वेळा माझ्या मनातल्यापेक्षा चांगली असत, म्हणून मीही कधी तक्रार केली नाही.

ताईला, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीला, अर्धांगवायूचा झटका आला आणि तिची उजवी बाजू गेली. भावोजींनी नोकरी सोडली आणि ते घरी बसले. बसले कसले, उभेच राहिले. ताईने कंगव्याकडे नुसतं पाहिलं की केस विंचरून व्हायचे. तिने मान वळवली की उशी सरकलेली असायची. व्यायाम करून घ्यायला येणारी बाई आपल्याला इथे काही कामच नाही असं म्हणून चहा पिऊन जायची. नातेवाईक येत आणि "नवरा असावा तर असा" म्हणत. माझी बायको हे वाक्य माझ्याकडे बघून म्हणायची, आणि दर भेटीत म्हणायची.

मग ताई गेली, आणि भावोजी बंद पडले.

रडले वगैरे नाहीत. "जेवलात का?" असं विचारलं की "हो" म्हणत. "काय जेवलात?" असं विचारलं की विचारात पडत. टीव्ही चालू असे, आवाज बंद. कुणी आवाज लावून दिला तर तोही चालत असे. सांत्वनाला आलेल्या एका गृहस्थांनी त्यांना तासभर आपल्या मूळव्याधीची हकीकत सांगितली आणि भावोजींनी ती शेवटपर्यंत ऐकून घेतली. धडधाकट भावोजींनी मधेच एक डॉक्टर सुचवून विषय संपवला असता.

त्यांची मुलगी, माझी भाची, दुसऱ्या शहरात असते. ती आली, तिने फ्रिज उघडला. आत पाण्याच्या बाटल्या होत्या. फक्त पाण्याच्या बाटल्या.

"बाबा, माझ्याकडे चला."

"इथे ठीक आहे."

"इथे काय करणार तुम्ही?"

भावोजींनी खिडकीकडे बोट दाखवलं. "कोपऱ्यावर ती संस्था आहे ना. ज्यांना स्वतःचं स्वतः जमत नाही अशा माणसांची. तिथे काळजीवाहकांचा वर्ग चालतो. पास होतात त्यांना कामावर घेतात."

"मग?"

"ते काम मला येतं."

ज्या आवाजात त्यांनी हे सांगितलं त्या आवाजात माणूस दुधाची पिशवी आणायला निघतो. पण ताई गेल्यापासून 'करतो' अशा अर्थाचं काही त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच आलं होतं. भाचीने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. शेवटी बाप-लेकीत ठरलं: पास झाले तर इथेच राहायचं. नापास झाले तर घराला कुलूप, आणि सामान घेऊन लेकीकडे.

"मामा, तू साक्षीदार," भाची म्हणाली.

मला तर यात परीक्षेसारखं काही वाटलंच नाही. माशाला पोहण्याच्या वर्गात घातल्यावर निकालाची काळजी कोण करतं?

वर्ग घेणाऱ्या बाई पूर्वी रुग्णालयात परिचारिका होत्या. आवाज करडा, चप्पल मऊ. त्यामुळे त्या मागे येऊन उभ्या राहिलेल्या कळत नसत आणि बोलल्या की सगळे दचकत. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं, "माणसाला हात लावण्याआधी तीन गोष्टी. काय करणार ते सांगा. करू का विचारा. आणि उत्तर येईपर्यंत थांबा."

बाकीचं सगळं भावोजींना येत होतं. पलंगावरून खुर्चीत घेणं, कूस बदलून देणं, अंथरुणावर माणूस असतानाच चादर बदलणं. शर्ट घालताना दुबळा हात आधी, काढताना चांगला हात आधी, हे बाई वर्गाला समजावत होत्या तोवर यांनी नमुन्याला समोर बसवलेल्या संस्थेतल्या मुलाच्या अंगात शर्ट घालून काढूनही ठेवला होता.

"लिफ्टवाले," बाई म्हणाल्या, "उचलण्यात तुम्हाला पैकीच्या पैकी. थांबण्यात भोपळा."

"थांबायचं कशाला?"

"तो घालत होता."

"त्याला वेळ लागत होता."

"त्याच्या मालकीचा वेळ होता तो."

भावोजींनी मान हलवली. तक्रार नाही, कबुली नाही. सुटा भाग मिळत नाही असं दुकानदाराने सांगितल्यावर हलवावी तशी.

सराव संस्थेतल्या माणसांबरोबर असे. भावोजींच्या वाट्याला रेफरी आले. हे गृहस्थ तरुणपणी फुटबॉलच्या सामन्यांत पंच होते. झटक्याने डावा हात आणि डावा पाय गेला, जीभ जड झाली, पण निर्णय देण्याची खोड काही गेली नाही. भावोजींनी न विचारता त्यांच्या कॉलरला हात लावला, तसे ते खेकसले, "फाउल!"

"काय झालं?"

"कॉलर माझी. मान माझी. तू कोण?"

"मी फक्त नीट करत होतो."

"सगळे फाउल करणारे हेच सांगतात. ए लिफ्ट, दोन पावलं मागे!"

भावोजी दोन पावलं मागे गेले. रेफरी उजव्या हाताने बटण लावू लागले. बटण भोकाशी यायचं, घसरायचं, पुन्हा यायचं. बाजूच्या पलंगावरच्या मुलीचा केसांचा बुचडा बांधून झाला, पाणी पिऊन झालं, तिची शिकाऊ सोबतीण तिला व्हरांड्यात घेऊन गेली, तरी इकडे पहिलंच बटण. भावोजी पुढे झाले, चुटकीसरशी सगळी बटणं लावून मोकळे. रेफरींनी तोंड फिरवलं आणि त्या दिवशी ते परत बोलले नाहीत.

बाई मऊ चपलांनी मागे येऊन उभ्या होत्या. त्या या वेळी ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "बसा जरा." आणि समजावलं. जे थोडं उरलेलं असतं ते वापरलं तर टिकतं, कधी वाढतंही. आपण रोज त्यांच्या वतीने केलं तर तेवढंही जातं. हाताचं जातं, आणि मग माणूस हात पुढे करायचंच सोडतो.

भावोजींनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हणजे माझ्या बायकोचा हात मी घालवला?"

पान्याचा नंबर विचारावा तसं विचारलं.

"मला माहीत नाही," बाई म्हणाल्या. "मी त्यांना पाहिलं नव्हतं."

दुसऱ्या दिवशी भावोजी वर्गाला गेले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. बाईंचा मला फोन आला, कारण फॉर्मवर दुसरा नंबर माझा होता. हे सगळं मला तेव्हा त्यांच्याकडूनच कळलं. "परीक्षा जवळ आलीय," त्या म्हणाल्या. "आणखी खाडे झाले तर मला बसवता येणार नाही त्यांना."

मी गेलो. भावोजी खुर्चीत होते. टीव्हीवर कुठली तरी बाई मुक्याने पाककृती शिकवत होती.

"चहा करू?" मी विचारलं.

"कर."

मी चहा केला. साखर विसरलो. त्यांनी तसाच प्यायला. मीही प्यालो, म्हटलं आपणही सोसावं थोडं.

मग ते म्हणाले, "एकदा तिने डाव्या हातात कंगवा धरला होता. भांगापर्यंत नेला होता. मला वाटलं, दमेल. घेतला मी." मग विचारलं, "तुझ्याकडे काही बोलली होती का ती? खरं सांग."

खोटं बोलणं सोपं होतं. त्याची मनात तयारीही झाली होती. पण त्या माणसाच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं, आणि काहीच नसलेल्या चेहऱ्यासमोर खोटं टेकायला जागा मिळत नाही.

"बोलली होती," मी म्हटलं. "म्हणाली, तुझे भावोजी मला साधी माशी हाकलू देत नाहीत. येऊन बसली की ते आधीच हजर."

"चिडून म्हणाली?"

"हसत होती. आणि चिडलीही होती. तुम्हाला माहीतच आहे, ती दोन्ही एकदम करायची."

"हं."

मग उठले, रिकामा कप विसळला, पालथा घातला आणि म्हणाले, "उद्या जातो."

का, ते मी विचारलं नाही. लेकीकडे जायचं नव्हतं म्हणून असेल. किंवा जे येतं असं वाटत होतं तेच येत नाही म्हटल्यावर त्यांच्यातला मेकॅनिक जागा झाला असेल. त्यांच्या चेहऱ्यावरून कळायची सोय नव्हती.

पुढचे दिवस भावोजी रेफरींच्या पलंगाशी नुसते उभे राहायला शिकले. हात कुठे ठेवायचे हाच मोठा प्रश्न होता. बाजूला सोडले की पुढे जायचे. घडी घातली तर रेफरी म्हणायचे, "ठाणेदार आलाय का?" खिशात घातले तर "किल्ल्या शोधतोयस?" शेवटी पाठीमागे एकात एक अडकवून ठेवायचे असं ठरलं. संध्याकाळी मी गेलो की मनगटावर त्यांच्याच बोटांचे वळ दिसत. "कसं चाललंय?" म्हटलं की उत्तर ठरलेलं: "उभा राहतोय."

परीक्षेच्या दिवशी भाचीने सकाळपासून मला चार वेळा फोन केला. "मामा, ते नापास झाले तर मी वाईट ठरेन का गं?" ती मला 'गं' म्हणाली, इतकी ती गोंधळली होती. मी संस्थेत गेलो. सरावाच्या खोलीला काचेचं दार होतं, बाहेर बाक होता, तिथे बसलो.

परीक्षक बाहेरून आले होते. हातात पेन, कपाळावर आठी. काम एकच: रेफरींना बाहेर फेरीला जाण्यासाठी तयार व्हायला मदत करायची.

"काका, आपण शर्ट बदलणार आहोत," भावोजी म्हणाले. "करायचं का?"

"करू."

"मी काय करू?"

रेफरींनी डावा हात पुढे ढकलला, आपल्या उजव्या हाताने उचलून. "हा घाल. बाकी माझं मी."

भावोजींनी दुबळा हात बाहीत घातला. आणि मागे सरकले. पाठीमागे हात.

बटणं सुरू झाली. घसरलं. पुन्हा. घसरलं. परीक्षकांनी घड्याळ पाहिलं, मग खिडकी पाहिली, मग पुन्हा घड्याळ. काचेतून मला भावोजींची पाठ दिसत होती आणि पाठीवरची बोटं एकमेकांना पिळत असलेली. पहिलं लागलं. दुसरं लागलं, पण एक भोक सोडून. तिसरं आपोआपच चुकलं. शर्टाची एक बाजू वर, एक खाली. भावोजींचे खांदे पुढे झुकले. मी बाकावर अर्धा उठलो. पण पाय जागचे हलले नाहीत, त्यांचेही आणि माझेही.

"शर्ट वाकडा झालाय," परीक्षक भावोजींना म्हणाले. "दिसत नाही का तुम्हाला?"

भावोजी त्यांच्याशी बोललेच नाहीत. रेफरींना म्हणाले, "काका, मधलं एक भोक सुटलंय. काय करू?"

रेफरींनी खाली मान घालून पाहणी केली. वेळ घेतला. "राहू दे," ते म्हणाले. "फेरीलाच जायचंय, माझं लग्न नाही."

"बरं," भावोजी म्हणाले, आणि ते दोघे वाकड्या शर्टासकट फेरीला गेले.

निकाल तासाभराने बाईंनीच बाहेर येऊन सांगितला. पास. सोमवारपासून सकाळची पाळी. फक्त एके ठिकाणी गुण कापले होते: काम करताना चेहरा हसरा नव्हता. "तेवढं बघा जरा," बाई म्हणाल्या.

"ते सध्या होणार नाही," भावोजी म्हणाले.

"चालेल," बाई म्हणाल्या, आणि मऊ चपलांनी निघून गेल्या.

मी पाठ थोपटली, अभिनंदन केलं, पेढ्यांचं काहीतरी बोललो. भावोजी बाकावर बसले. "ती भांगापर्यंत पोचली होती," ते म्हणाले. "पुढे किती वेळ लागला असता, मला माहीत नाही. मी थांबलोच नव्हतो." हेही त्याच सपाट आवाजात. मला वाटलं आता तरी डोळे भरतील. नाही भरले. त्यांनी खिशातून फोन काढला आणि मुलीला लावला.

"झालो पास."

पलीकडून रडण्याचा आवाज आला, बाकाच्या या टोकाला मला ऐकू येईल इतका. आई गेल्यापासूनचं सगळं एकदम बाहेर पडत होतं. माझा हात आपसूक फोनकडे गेला. अशा वेळी मामाने काहीतरी गमतीचं बोलून विषय बदलायचा असतो, आमच्या घरात ते खातं माझ्याकडे आहे. भावोजींनी मान हलवून मला नको म्हटलं. 'रडू नको' म्हणाले नाहीत. 'अगं, मी ठीक आहे' म्हणाले नाहीत. तिचं वाक्यही पूर्ण केलं नाही. फोन कानाला लावून समोरच्या भिंतीकडे बघत बसले. व्हरांड्यातून कुणीतरी चाकाची खुर्ची नेली, आणली, पुन्हा नेली.

पलीकडचा आवाज हळूहळू ओसरला.

"मी काय करू?" भावोजींनी विचारलं. "रविवारी येऊन जाऊ? की नको?"

ती काहीतरी अडखळत बोलली. अर्धं बोलून थांबली.

"बरं," भावोजी म्हणाले. "सावकाश सांग. मी फोन धरलाय."