काटा मध्यावर

काटेवाले काका म्हणजे एक वल्लीच! बाजारातल्या निम्म्या दुकानांचे तराजू त्यांच्या हाताखालून गेलेले. दांडी सरळ करायची, दोन्ही पारडी सारखी करायची आणि मधोमधचा काटा थरथरत उभा राहिला की मान डोलवून म्हणायचं, "आला मध्यावर. बरोबर आहे."

घरीही तेच तुणतुणं. भाजी कशी झालीय? "बरोबर आहे." लेकीच्या लग्नात काकू नवी साडी नेसून, नटूनथटून समोर आल्या, तर हा पठ्ठ्या काय म्हणाला असेल? "बरोबर आहे, चला!" वऱ्हाडी पोट धरून हसले. काकू तेवढ्या हसल्या नाहीत.

तर एके दिवशी काकूंनी बॅग भरली. भांडण नाही, तंटा नाही. भावाकडे निघाल्या, कायमच्या. लेक धावतपळत आली.

"आई, जायच्या आधी एकदा त्या समुपदेशनवाल्या मॅडमकडे चल. नवरा-बायकोला वेगवेगळं बसवून प्रश्नावली देतात. संसारात कोण किती समाधानी आहे, ते मोजतात."

"मोजतात?" बाहेरच्या खोलीतून काका ओरडले. "मग जाऊ या की! आपल्याला मापाची कसली भीती?"

काकू लेकीला हळूच म्हणाल्या, "येते. यांच्या मनात माझ्याबद्दल काय आहे, ते तरी कळेल. तक्रार निघाली तरी चालेल गं. काहीतरी निघालं, तर बॅग सोडते."

मॅडमनी काकूंना आतल्या खोलीत बसवलं, काकांना बाहेरच्या. डोक्यावर पंखा कुरकुरत होता. काकांनी चष्मा चढवला. प्रत्येक प्रश्नापुढे ओळीने पाच चौकोन. एका टोकाला 'अजिबात पटत नाही', दुसऱ्या टोकाला 'पूर्ण पटतं'. मधलं बारीक अक्षर वाचायचे कष्ट घेतो कोण? काकांचा चेहरा उजळला. अरे, ही तर दांडीच! एका बाजूला झुकली की माल बिघडलेला. आपला संसार कुठे बिघडलाय? धडाधड मधल्या चौकोनात खुणा करत सुटले.

'आजारपणात मला जोडीदाराचा आधार वाटतो' या प्रश्नाला मात्र पेन अडलं. टायफॉइडने ते अंथरुणाला खिळले होते, तेव्हा काकूंनी दुकान उघडलं होतं. दिवसभर वजनं घासत बसायच्या, संध्याकाळी हात काळेकुट्ट. काकांचं पेन आपोआप शेवटच्या चौकोनाकडे सरकलं. पण लगेच सावरले. 'छे, एवढं झुकायला नको.' केली खूण मधोमध.

मॅडमनी कागद पाहिला आणि चष्मा काढला. "काका, मधला चौकोन 'सांगता येत नाही'चा आहे. तुम्ही सगळीकडे त्यावरच खूण केलीय."

आतल्या खोलीतून बाहेर आलेल्या काकूंनी कागद ओढून घेतला.

"बघ, एकसुद्धा खूण इकडेतिकडे नाही!" काका कौतुकाने म्हणाले.

"इतक्या वर्षांत सांगण्यासारखं काहीच नव्हतं?"

"अगं, मध्यावर म्हणजे बरोबर! तू दुकानात बसलीयेस, तुला नको का कळायला?"

"बसलेय ना," काकू म्हणाल्या. "रिकाम्या पारड्यांचा काटापण मध्यावरच असतो, अहो."

त्याच संध्याकाळी त्या गेल्या.

काका दुसऱ्या दिवशी मॅडमपुढे हजर. "पुन्हा लिहितो. आता समजलं मला."

"सहा महिन्यांनी या. दोघं मिळून."

काकांनी लेकीकडून कोरी प्रश्नावली मागवली आणि दुकानात पाठांतर मांडलं. गिऱ्हाईक विचारायचं, "काका, काटा झाला का?" काका तंद्रीत म्हणायचे, "पूर्ण पटतं." बाजारभर हशा! काकूंच्या भावाकडेही जाऊन आले. दार भावानेच उघडलं, चहा पाजला आणि परत पाठवलं.

ठरल्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून काका पोचले. मॅडमनी त्यांच्या मागे दाराकडे पाहिलं. "काकू?"

"ती नाही यायची. माझं तेवढं लिहून घ्या. सगळं पाठ आहे."

"एकट्याचं नाही होत काका. जोडप्याचंच मोजतो आम्ही."

काका खुर्चीची कड धरून बसून राहिले. मग म्हणाले, "बरं, निदान तो आजारपणाचा प्रश्न तरी विचारा."

मॅडमनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि दाराशी ताटकळलेल्या जोडप्याला आत बोलावलं.