आत्या सही करत नाही

दुकानात तिला सगळे आत्या म्हणतात. भाचीने पहिल्या दिवशी मालकाशी ओळख करून देताना बाकी सगळं त्यांच्या भाषेत सांगितलं, नेमकं 'आत्या' तेवढं मराठीत. त्या भल्या माणसाला वाटलं, हेच नाव. दुसऱ्या दिवशी छातीवर लावायची पट्टी तयार, वर त्यांच्या अक्षरांत 'आत्या'. भाचीची हसून हसून पुरेवाट झाली. आत्या म्हणाली, "राहू दे. दिवसभर मान तरी मिळेल."

आपल्या गावी तिने तीस वर्षं शिवणयंत्र चालवलं होतं. नवरा गेला, पाठोपाठ दुकानाची जागा गेली, तेव्हा भाचीने हट्टाने बोलावून घेतलं. इथे धुलाई, इस्त्री आणि कपडेदुरुस्तीच्या दुकानात खिडकीजवळचं मशीन तिला मिळालं, आणि मशीनवर बसली की ती कुणाच्या बापाला भीत नसे. मालकाचं म्हणणं असं, की कपडा आखूड केला की उरलेलं कापून टाकावं, काम सफाईदार दिसतं. आत्या मान डोलवायची आणि कापायची मात्र नाही. शिवणीच्या आत राखलेल्या जास्तीच्या कापडाला शिंपी माया म्हणतात, आणि माया कापणारा शिंपी तिच्या लेखी शिंपीच नव्हे. तिची दुसरी खोड टाचणीची. आपल्या मोडक्या भाषेचा भरवसा नाही, म्हणून ती टाचणी गिऱ्हाइकाच्याच हातात द्यायची, कुठवर हवं ते तुम्हीच टोचा. त्या जागी कापडाच्या उलट बाजूला लाल दोऱ्याचे तीन टाके घालायची आणि मगच दुमडायची.

एका सकाळी एक उंच बाई तरातरा आत शिरली. दोन दिवसांपूर्वी नेलेला काळा लांब ड्रेस तिच्या अंगावरच होता. परवावर मुलाचं लग्न, आणि ड्रेस घोट्याच्या वर! "कापून टाकलात माझा ड्रेस!" ती गल्ल्यावर हात आपटत म्हणाली. इस्त्रीवाल्या दोघी मान खाली घालून वाफ सोडत राहिल्या.

मालकाने ड्रेसकडे पाहिलं, आत्याकडे पाहिलं आणि न विचारता तक्रारीची वही काढली. 'कापण्यात चूक, आत्या,' असं लिहून वही पुढे सरकवली. "माफी मागा आणि सही करा. उद्यापासून मशीन बंद. मागे इस्त्रीवर."

मशीन गेलं तर या परक्या मुलखात आत्याचं स्वतःचं म्हणण्यासारखं राहणार काय होतं? पण नाकाला मिरच्याही झोंबल्या. या दुकानात तिला पहिला शब्द शिकवला होता तो 'माफ करा'. गिऱ्हाईक चिडलं की आधी तो म्हणायचा, मग काय झालं ते ऐकायचं. म्हणजे चोरी कुणाचीही असो, कान आधी आपले धरायचे!

"मी कापलं नाही," ती म्हणाली. पुढचे शब्द सापडेनात. मालकाने वैतागून भाचीला फोन लावला आणि तो मोठ्या आवाजावर ठेवला.

"तिला सांग," आत्या मराठीत म्हणाली, "मी कात्री लावलेलीच नाही. उसवून दाखवते."

भाची त्यांच्या भाषेत गोड आवाजात बोलायला लागली. आत्याला त्यातलं बरंचसं कळलं नाही, पण तो पहिला शब्द कळला. एकदा नाही, तीनदा.

"तू माझ्या नावाने माफी मागतेयस?"

"आत्या, नमतं घे ना गं. इथे असंच असतं. नोकरी टिकायला हवी की नको?"

"तुझी आत्या आहे मी. ठेव फोन." आणि तिने स्वतःच बटण दाबलं.

मग ती त्या बाईसमोर जाऊन उभी राहिली. गुडघ्यावर नाही, समोर. बोट खाली दाखवून म्हणाली, "बूट. काढा."

"काय?"

"तेव्हा बूट चपटे. आज उंच. काढा."

बाईने मालकाकडे पाहिलं. मालक छताकडे पाहायला लागला. अखेर बाईने टाचांचे बूट काढले, आणि ड्रेस अलगद पावलांवर टेकला. इस्त्रीच्या वाफेचा आवाज थांबला.

"पण हेच बूट घालायचेत मला!" बाई हटायला तयार नव्हती. "आणि कापलेलं कापड आता कुठून आणणार?"

आता दाखवायचं म्हणजे दोन वर्षं मालकाचा हुकूम मोडला हेही उघड करायचं. आत्याने क्षणभरही खळखळ केली नाही. खाली बसली आणि उसवायच्या आकड्याने टाके काढत गेली. चार बोटं कापड खाली सुटलं, आणि घडीच्या रेघेवर लाल दोऱ्याचे तीन टाके.

"इथे टाचणी. तुमचा हात. मी फक्त दुमडते."

बाई त्या टाक्यांकडे बघत राहिली. तिला आठवलं असावं, कारण तिचे कान लाल झाले.

"मी कापायला सांगितलं होतं," मालक हळूच म्हणाला.

"हो. मी नाही कापत. उद्या पण नाही."

मालकाचं गिऱ्हाईक त्या चार बोटांवरच वाचलं होतं. बाईने पुन्हा बूट चढवले. आत्याने टाचणी तिच्या हातात दिली आणि बाईने मुकाट्याने वाकून स्वतः टोचली. कड नव्याने शिवून झाल्यावर जाताना ती पुटपुटली, "माफ करा." आत्याने तो शब्द शांतपणे ऐकून घेतला. 'असू द्या' वगैरे काही म्हणाली नाही.

मालक वही मिटायला लागला, तशी तिने मध्ये हात घातला. "खोडा. नवीन लिहा."

त्याने ओळ खोडली, खाली लिहिलं. तिने एकेका शब्दावर बोट ठेवून ते मोठ्याने वाचायला लावलं. 'शिंप्याची चूक नाही.' मग तिने पेन घेतलं आणि खाली मराठीत सही केली, बापाचं, नवऱ्याचं, आडनावाचं काही न गाळता.

मालक वाकून बघत म्हणाला, "हे आत्या?"

"आत्या मी भाचीची," ती म्हणाली. "हे माझं नाव. पट्टीवर हे घाला." आणि खिडकीजवळ जाऊन मशीनवर बसली.