आमच्या प्रेरणाचं वैर

माझी भाची प्रेरणा एका जागी स्थिर बसलेली मी कधी पाहिली नाही. स्केटिंगच्या सरावासाठी ती हुपरीहून कोल्हापूरला मंगळवार पेठेत माझ्याकडे राहायला आली, तेव्हापासून जेवतानासुद्धा तिच्या पायांची टेबलाखाली चुळबुळ चालू असते. चाकांचे बूट घालून गाण्यावर गिरक्या आणि उड्या मारायचा हा खेळ. तिचे बूट गेल्या वर्षी मोडले. तेव्हापासून ती आदितीचे घालते. आदिती तिची मैत्रीण आणि स्पर्धेतली तोडीस तोड. दोघींचं माप एकच. एकीचं झालं की दुसरीनं घालायचे, मधे जेमतेम दोन मिनिटं.

जिल्हा स्पर्धेत अशीच घाई उडाली. आदितीनं बूट पुढे केले, प्रेरणानं झडप घालून घेतले. अमरसिंह नावाच्या एका बातम्यांच्या पोर्टलवाल्यानं नेमकं तेवढंच मोबाइलवर टिपलं आणि मथळा दिला, 'बूट हिसकावले! कोल्हापूरच्या दोन रणरागिणींचं कट्टर वैर'. खाली शिव्यांचा पाऊस. आदितीचे वडील गोमटेशराव भडकले. त्यांनी तिचा मोबाइल काढून घेतला, सरावाची वेळही बदलली.

माझं डोकं फिरलं. मी तडक त्या अमरसिंहाचं ऑफिस गाठलं.

"वैर कसलं रं? दोघीत मिळून बूट एकच हायत!"

"मावशी, एकच बूट हाय म्हटल्यावर कोण बघतंय?" तो हसला. "रविवारी निवड चाचणी हाय न्हवं? येतो की."

त्यानं मागवलेला चहा तसाच ठेवून मी उठले.

रविवारपर्यंत प्रेरणाच्या घरभर येरझाऱ्या. बूट नसले तर निवड हुकणार, हे तिला कळत होतं. पण विचारायची वेगळंच.

"आत्ती, आदितीला बी खरं वाटलं असंल काय?"

मी तिला बळंच जेवायला बसवलं. माझाही जीव टांगणीला लागला होता.

रविवारी रिंगणाच्या कडेनं मोबाइल धरलेली माणसंच माणसं. आदितीचं झालं, कडेला येऊन तिनं बूट काढून पुढे केले. आणि आमची प्रेरणा हात मागे घेऊन उभी! पुन्हा हिसकावल्यासारखं दिसेल म्हणून तिचे हातच पुढे होईनात. माईकवरून तिचं नाव दोनदा पुकारलं.

"घे की गं बाई!" मी ओरडले.

शेवटी आदितीच खाली बसली. प्रेरणाचा पाय ओढला, बूट चढवले, नाड्या आवळल्या. समोर गोमटेशराव उभे होते.

संध्याकाळी बातमी आली, 'वैर संपलं! आदितीनं पाय धरून मागितली माफी'. दोघींची निवड झाली, हे शेवटच्या ओळीत.

प्रेरणानं पेढ्याला हात लावला नाही. "पाय धरलं म्हणं! आता तिचं वडील तिला माझ्याशी बोलू देत्यात व्हय?" म्हणून ती रडायलाच लागली. तेवढ्यात माझा फोन वाजला. गोमटेशरावांचा नंबर. मी धास्तावून उचलला, तर आवाज आदितीचा. मी फोन प्रेरणाच्या कानाला लावला.

"बातमी बघितलीस काय गं?" आदिती इतकी मोठ्यानं बोलत होती की मलाही ऐकू येत होतं. "त्यातला व्हिडिओ नीट बघ. डाव्या पायाची नाडी ढिलीच राहिलती की माझ्याकडनं. पडली असतीस म्हंजे?"