टिकटिकची बायको

बिस्किटांच्या कारखान्यात बायकांचे हात मोजणं, हे तिच्या नवऱ्याचं काम. पुडा भरायला कुणाला किती वेळ लागला, नाक पुसायला कोण थांबली, शेजारणीशी कोण बोलली, सगळं तो घड्याळ लावून बघायचा आणि साहेबाच्या कानावर घालायचा. बायका त्याला ‘टिकटिक’ म्हणायच्या. तो दारात दिसला की बोलणं बंद, हात चालू. पण कारखान्याचा भोंगा झाला की त्या सुटायच्या. टिकटिकच्या बायकोनं सुटून जायचं कुठे?

लग्नाआधीपासून ती कपडे शिवायची. माहेरहून येताना शिलाई मशीन घेऊनच आली होती. आईच्या आजारपणात ती एकदा माहेरी गेली आणि परत येऊन बघते तर खिडकीपाशी मशीनच्या जागी स्टूल, आणि नवऱ्याच्या मनगटावर नवं घड्याळ. नवं कसलं, जुनंच. बोटीवरच्या कुणा इंजिनिअरनं विकायला काढलेलं, चावीचं घड्याळ. काळी तबकडी, तिच्या पोटात आणखी तीन चिमुकल्या तबकड्या. कडेला चावी आणि तिच्या वर-खाली एकेक बटण. वरचं दाबलं की लांब काटा पळायला लागायचा, पुन्हा दाबलं की थांबायचा. खालचं दाबलं की मुकाट्यानं शून्यावर.

“माझं मशीन?” तिनं विचारलं.

“असलंच घड्याळ घालून माणसं चंद्रावर उतरली, कळलं? तुझ्या मशीनवर बसून कोण कुठे गेलंय?”

ती न्हाणीघरात जाऊन रडली. बाहेर आली तेव्हा तो बटण दाबून म्हणाला, “एवढा वेळ?”

त्या दिवसापासून तिचा संसार त्या बटणावर चालला. चहा, आंघोळ, आईशी फोनवरचं बोलणं, सगळ्याला काटा. ती सामान आणायला खाली उतरली की हा गॅलरीत उभा. तिसऱ्या मजल्यापर्यंत पिशव्या घेऊन ती धावत चढायची, आणि दारात हा जिभेनं ‘च्च’ करायचा. “इतक्या वेळात ते लोक दगडगोटे गोळा करून यानात परत बसले असते,” असं पाहुण्यांसमोर म्हणायचा. पाहुणे हसायचे. त्यांच्याबरोबर तीही हसायची, नाहीतर करणार काय? गुडघे गेले, मुलगी लग्न होऊन दूर गेली, तो रिटायर झाला. काटा काही रिटायर झाला नाही.

मग एका सकाळी तो चहा घेता घेता खुर्चीतून घसरला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. त्या माणसाकडे सांगण्यासारखं एवढंच उरलं होतं की काय कोण जाणे, तोंडात शिल्लक राहिलं ते फक्त ‘च्च’.

घड्याळ तो आता डाव्या मुठीत धरायचा. अंगठ्यानं बटण दाबता यायचं. चावी मात्र देता येईना, त्याला दोन हात लागतात. रोज सकाळी तो मूठ उघडून तिच्यापुढे धरायचा. आधी तिनं निमूटपणे चावी दिली. तिनं चावी द्यायची आणि त्यानं त्यावर तिलाच मोजायचं, असं काही दिवस चाललं. मग एकदा दोन-चार वेढे देऊन तिनं हात आखडता घेतला. संध्याकाळी ती दुकानातून आली तेव्हा तो मेलेलं बटण पुन्हा पुन्हा दाबत होता आणि त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. तिला बरं वाटलं. खोटं कशाला सांगा, फारच बरं वाटलं.

पुढे तिला त्याची चटकच लागली. ती रोज तेवढीच चावी द्यायची. एका दुपारी तर तिनं ते घड्याळ स्वतःच्या मनगटावर चढवलं, पेजेचा वाडगा त्याच्यापुढे ठेवला, चमचा त्याच्या डाव्या हातात दिला आणि बटण दाबलं.

“खा. बघू तरी तुम्हाला किती वेळ लागतो.”

पेज सदऱ्यावर सांडली, हनुवटीवरून ओघळली. ती पुसायला उठली नाही. काट्याकडे बघत बसून राहिली. शेवटी ‘च्च’ ऐकू आलं, ते मात्र तिच्या तोंडून.

त्या आवाजानं तिची तीच दचकली. तिनं घाईघाईनं घड्याळ काढून कपाटात टाकलं आणि मुलीला फोन लावला.

“विकून टाक ना आई,” मुलगी म्हणाली. “अशी घड्याळं जमवणारे लोक असतात. मी पाठवते एकाला.”

मुलीनं पाठवलेला शौकीन माणूस बोलायला गोड होता. काचेवरचा ओरखडा, उडालेला रंग बघून तो उलट खूशच झाला. “काकू, हे कुणी घासूनपुसून चकचकीत केलं नाही, हे फार चांगलं झालं. बटणं चालतात ना?”

“चालतात,” ती म्हणाली. “तीच तर चालायची.”

तिनं पूर्ण चावी दिली, काटा पळवला, थांबवला, शून्यावर आणला. पलंगावरून नवरा बघत होता. त्यानं मूठ उघडून पुढे केली आणि तशीच धरून ठेवली. पण घड्याळ तिनं पाहुण्याच्याच हातात ठेवलं. पाहुणा जिना उतरून गेला तरी ती मूठ उघडीच होती.

त्याच आठवड्यात खिडकीपाशी मशीन आलं. तिनं स्टूल उचलून गॅलरीत टाकलं आणि दोरा आणायला खाली उतरली. दुकानात चिटपाखरू नव्हतं. एकेक रीळ उजेडात धरून बघत तिनं हवा तेवढा वेळ घेतला. दुकानदाराशी हवापाण्याच्या गप्पा मारल्या. कित्येक वर्षांत ती अशी कुठे उभी राहिली नव्हती.

परतताना पहिल्या मजल्यापर्यंत ती सावकाश चढली. मग पाय कधी पळायला लागले ते तिला कळलंच नाही. दारात पोचली तेव्हा छाती धपापत होती, गुडघ्यात कळ येत होती.

पलंगावर त्याची डावी मूठ रिकामीच मिटलेली होती. अंगठा तर्जनीच्या पेरावर टेकला होता. तिनं उंबरा ओलांडताच त्यानं तो दाबला.

“च्च.”

“दुकानात गर्दी होती हो,” ती धापा टाकत म्हणाली.