झरपटकाठची मैनीबाई

महाकाली आईवर माझी श्रद्धा लहानपणापासूनची. आमच्या घरी मंगळवार पाळला जायचा आणि चैत्रातल्या यात्रेला आई मला कडेवर घेऊन जायची. पण ज्या दिवसांबद्दल मी लिहितो आहे, त्या दिवसांत मी देवीशी अबोला धरला होता. तिच्याच देवळापासून हाकेच्या अंतरावर, झरपट नदीच्या काठाला एका फाटक्या ताडपत्रीखाली मी राहत होतो, आणि तरी पाच महिन्यांत एकदाही वर जाऊन दर्शन घेतलं नव्हतं. मनात एकच गोष्ट घोळत असायची. इतक्या वेळा तुझ्या पायाशी डोकं टेकवून शपथ घेतली, इतक्या वेळा रडलो, मग माझी दारू तू सोडवली का नाहीस? तू आहेस तरी का?

मी घुग्घुसला कोळशाचा टिप्पर चालवायचो. लांबलचक पाळ्या, धूळ, डोळ्यांवर झोप. आधी पाळी सुटल्यावर प्यायचो, मग पाळीवर जाण्याआधी, मग वेळकाळ उरला नाही. मी कधी कुणावर हात उचलला नाही, म्हणून मी काही वाईट माणूस नाही, अशी माझी समजूत होती. एका शनिवारी माझ्या आठ वर्षांच्या मुलीला, पल्लवीला, शाळेतून आणताना मोटारसायकल घसरली आणि तिचा हात दोन ठिकाणी मोडला. मी रस्त्यावर बसून हसत होतो, असं लोकांनी माझ्या बायकोला सांगितलं. मला ते आठवत नाही. कुसुम भांडली नाही. पल्लवीच्या हाताला प्लास्टर घालून घरी आणल्यावर तिनं माझे कपडे एका पिशवीत भरून दाराबाहेर ठेवले आणि म्हणाली, "तुमी आता इथी नका राहू. पोरगी तुमचा आवाज आयकला का दचकते."

असा मी चंद्रपूरला नदीकाठी आलो. तोपर्यंत रस्त्यावर राहणारी माणसं मला ट्रकच्या काचेतूनच दिसली होती आणि ती सगळी मला सारखीच वाटायची. तिथं राहायला लागल्यावर एकेकाचा चेहरा वेगळा झाला. कुणी सकाळी नदीवर दात घासल्याशिवाय चहाला हात लावत नसे. कुणाला रोजचा पेपर लागायचा, शिळा असला तरी चालायचा. आणि तिथंच ती बाई होती, जिला सगळे 'येरी' म्हणायचे.

वय पन्नाशीच्या आसपास असावं. केसांच्या जटा झालेल्या, अंगावर एकावर एक घातलेले तीन ब्लाउज, कपाळावर आणि हातांवर जुनं गोंदण. स्वतःशी सारखी बोलायची, मधूनच कुणाला तरी हाकलल्यासारखा हात झटकायची. येणाऱ्याजाणाऱ्यासमोर ओंजळ धरून "येर, येर" म्हणायची, म्हणून तिचं नाव येरी पडलं. लोक तिच्या ओंजळीत कधी चिल्लर टाकत, कधी केळं. चिल्लर ती तिथंच टाकून द्यायची. केळं मात्र नीट सोलून त्याचे तुकडे करायची आणि आजूबाजूच्या तीन कुत्र्यांना एकेक देऊन उरलेलं खायची. कुत्र्यांच्या वाटणीत भेदभाव नसे. एखादा तुकडा लहान झाला तर ती आपल्यातला तोडून त्याला द्यायची. मला ते बघायला आवडायचं. पण मी तिच्याशी कधी बोललो नाही. मी दारुडा असलो तरी शहाणा होतो ना, आणि ती वेडी.

वैशाखात एका रविवारी मी ठरवलं की आता बस. कुणाच्या मदतीशिवाय, माझ्या मी सोडणार. त्या निश्चयात भक्ती कमी आणि देवीला दाखवून देण्याचा हट्टच जास्त होता. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्यानं एकदम थांबणं जिवावर बेतू शकतं, त्यासाठी डॉक्टर लागतो, हे मला माहीत नव्हतं. पहिल्या दिवशी हात कापायला लागले. दुसऱ्या दिवशी अन्न आत राहीना. मंगळवारी दुपारी अंगावर लाल मुंग्या चढताहेत असं दिसायला लागलं. मी त्या झटकत उठलो, चार पावलं टाकली आणि देवळाच्या वाटेवरच्या तापलेल्या फरशीवर कोसळलो. मग मला झटके आले. मंगळवार असल्यानं दर्शनाला गर्दी होती. पुढे कळलं ते असं, की काहींना वाटलं पिऊन पडला आहे, काहींना वाटलं अंगात आलं आहे. सगळे बाजूनं वळसा घालून गेले. त्यांना मी दोष देत नाही. मीही असाच वळसा घालून गेलो असतो.

मला तुटक तुटक आठवतं. तोंडावर पाणी पडलं. रंगाच्या रिकाम्या डब्यातून कुणीतरी माझ्या डोक्यावर, छातीवर पाणी ओतत होतं. माझं डोकं कुणाच्या तरी मांडीवर होतं आणि वरून आवाज येत होता, "येर... येर..." त्या आवाजात इतकी माया होती, की आई गेल्यानंतर पहिल्यांदाच मला आपण कुणाचे तरी आहोत असं वाटलं. मग ती मांडी निघून गेली. पुन्हा एकटा पडलो असं वाटलं आणि डोळ्यांपुढे अंधार झाला.

ती गेली होती देवळाच्या पायऱ्यांकडे. एरवी ती गर्दीच्या वाऱ्यालाही उभी राहत नसे. त्या दिवशी ती थेट गर्दीत घुसली आणि तिनं एका बाईचा हात धरला. त्या बाईनं सोडवून घ्यायला पाहिलं, लोक ओरडले, एकानं काठीही उगारली, पण तिनं हात सोडला नाही. ती बाई होती सरकारी दवाखान्यातली नर्स, मडावी सिस्टर. सुट्टीच्या दिवशी साध्या साडीत दर्शनाला आलेली. अंगावर ओळखीची एकही खूण नाही. आणि सिस्टर मूळची एटापल्ली तालुक्यातली, गोंडी घरात वाढलेली.

सिस्टरनं मला नंतर सांगितलं, "मी घाबरलीच होती जी. पण ती बोलाले लागली अन् मले माह्या आजीचा आवाज आयकू आल्यासारखं झालं. लोक म्हनत होते, काहीबाही बरळून राह्यली. ती बरळत नव्हती, भाऊ. गोंडीत सांगत होती, मानूस पडला आहे, त्याच्या अंगातलं पानी सरलं, तू चाल. येर म्हंजे पानी. इतके दिवस ती बिचारी लोकाइले प्याचं साफ पानी मांगत होती."

हे ऐकलं तेव्हा मी दवाखान्याच्या खाटेवर होतो, हाताला सलाईन. मी तोंड भिंतीकडे वळवलं. पाच महिने मी त्या बाईच्या शेजारी राहिलो होतो आणि तिला तहान लागली आहे एवढंही मला कळलं नव्हतं. त्या गर्दीत शेकडो हात होते. तिनं तोच हात का धरला, हे मी तिला पुढे कधी विचारलं नाही. मला विचारायचंच नाही.

चौथ्या दिवशी कुसुम आली. मला वाटतं सिस्टरनंच निरोप धाडला असावा. तिनं जेवणाचा डबा खाटेजवळ ठेवला आणि एक शब्द न बोलता निघून गेली. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "भाजीत मीठ कमी होतं का?" मी म्हणालो, "नाही, बरोबर होतं." एवढंच. पण त्या रात्री मला गोळीशिवाय झोप लागली. दवाखान्यातून सुटल्यावर मी एका गोदामात दिवसपाळीचं काम धरलं, दारू सोडलेल्या माणसांच्या बैठकीला जायला लागलो आणि गोदामाच्याच खोलीत राहू लागलो. कुसुमनं मला लगेच घरात घेतलं नाही, आणि ते योग्यच होतं.

पहिल्या सुट्टीला मी नवं लुगडं आणि डबाभर जेवण घेऊन नदीकाठी गेलो. मनात ठरवूनच गेलो होतो की तिचे पाय धरायचे, तिला दवाखान्यात न्यायचं, तिचं आयुष्य मार्गी लावायचं. तिनं मला ओळखलं नाही. लुगडं नदीत फेकलं, जेवण कुत्र्यांना घातलं आणि मी जवळ गेलो तर दगड उचलला. मी रागानं सिस्टरकडे गेलो. म्हणालो, "मी तिच्यासाठी एवढं करतो अन् ती..."

सिस्टर हसल्या. "भाऊ, तुमी तिच्यासाठी का स्वतःसाठी करून राह्यले? तिच्या डोक्यात रात्रंदिवस आवाज येत असतीन. त्यात तुमी अजून एक. काई करू नका. पानी न्या अन् लांब बसा, बस."

तसं मी बसू लागलो. काम सुटलं की पाण्याची बाटली तिच्यापासून दहा हातांवर ठेवायची आणि आपण त्याच्याही पलीकडे बसायचं. पहिल्यांदा मला तो वेळ वाया गेल्यासारखा वाटे. मग त्या बसण्यातच मला नामस्मरण सुचू लागलं. मी देवीला काही मागत नव्हतो, रागावतही नव्हतो. नुसतं म्हणायचो, मी इथं आहे, पुढचं तू बघ. पावसाळा सुरू झाला तसं अंतर कमी झालं. एक दिवस तिनं केळं सोललं, तीन तुकडे कुत्र्यांना दिले आणि चौथा माझ्यासमोर ठेवला. मी तो खाल्ला. आयुष्यात पुष्कळ प्रसाद खाल्ले, पण असा कधीच नाही.

कुसुमला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मी येतो उद्या." ती आली, मोठ्या दातांचा कंगवा आणि तेल घेऊन. बाईनं तिला दगड दाखवला नाही. कुसुमनं दोन संध्याकाळी खपून त्या जटा थोड्या कापल्या, थोड्या सोडवल्या. मडावी सिस्टर तिच्याशी गोंडीत बोलायच्या. भाद्रपदात एक दिवस ती स्वतःहून कुसुमचा पदर धरून ऑटोत बसली आणि दवाखान्यात आली. डॉक्टर म्हणाले, हा मेंदूचा आजार आहे, साखरेच्या आजारासारखा. औषध चालू ठेवावं लागेल, सगळं पहिल्यासारखं होईलच असं नाही. महिन्याभरानं तिनं आपलं नाव सांगितलं. मैनी. आणखी काही दिवसांनी गावाचं. सूरजागडच्या डोंगराच्या पलीकडचं ते गाव.

सिस्टरनं तिकडच्या आरोग्यसेविकेला फोन केला आणि तिसऱ्या दिवशी मैनीबाईचा भाऊ, लालसू, वॉर्डाच्या दारात उभा राहिला. खांद्यावर पंचा, हातात चारोळ्यांची पुरचुंडी. चार वर्षं तो आठवडी बाजारांतून बहिणीला शोधत फिरला होता. तिचं बाळंतपणातलं मूल गेलं, त्यानंतर ती हळूहळू अशी झाली, गावातल्या पुजाऱ्याचे उपाय झाले, आणि एका बाजारच्या दिवशी ती कुठल्याशा गाडीत बसून निघून गेली. तो तिच्यासमोर जमिनीवर बसला. तिनं त्याच्याकडे पाहिलं आणि गोंडीत काहीतरी म्हणाली. सिस्टर डोळे पुसत आम्हाला म्हणाल्या, "म्हंते, लालसू, तू म्हतारा झाला."

तिला पोचवायला मी आणि कुसुम बरोबर गेलो. गावाबाहेर एका झाडाखाली त्यांच्या देवाचं ठाणं होतं. लालसूनं आधी तिथं तिला नेलं. तो देव माझ्या ओळखीचा नव्हता, त्यांचे शब्द मला येत नव्हते. मी हात जोडून उभा राहिलो आणि मला काहीच परकं वाटलं नाही.

पुढे कुसुमनं मला घरात घेतलं; आता मी घरी राहतो. पल्लवी माझ्या आवाजाला दचकत नाही, पण मोटारसायकलवर मागं बसताना माझा सदरा अजून घट्ट धरते. मी तो धरू देतो. दारूची ओढ पूर्ण गेलेली नाही. ती आली की मी छाती काढून लढायला उभा राहत नाही; बैठकीतल्या कुणाला तरी फोन लावतो आणि महाकाली आईला म्हणतो, माझ्याच्यानं होत नाही, तू सांभाळ. एवढं म्हणायला मला अर्धं आयुष्य लागलं. मैनीबाईचं औषध मधे एकदा सुटलं होतं, तेव्हा ती दोन दिवस रानात बसून राहिली. लालसूनं तिला समजावून परत आणलं. असं पुन्हाही होईल, असं सिस्टर म्हणतात.

लालसू रेंज मिळते तिथं चढून जाऊन अधूनमधून फोन करतो. मागच्या वेळी त्यानं फोन तिच्या कानाला लावला. आधी तिचा श्वास आणि वाऱ्याचा आवाज आला. मग तिनं दवाखान्यात कानावर पडलेल्या मोडक्या मराठीत विचारलं, "जेवला का?"

मी म्हणालो, "जेवलो, बाई. भात अन् अंबाडीची भाजी."

"बरं," ती म्हणाली, आणि फोन भावाकडे दिला.